कमानीचं बळ टोकात!

शिंग, कंडरा, लाकूड आणि सरस... एवढ्या सामानातून घडणाऱ्या जुन्या कमानीची सारी करामत असते ती तिच्या बाहूंच्या बाकात आणि टोकांच्या वळणात

सीतास्वयंवरातली अट बाण मारण्याची नव्हती. धनुष्याला दोरी चढवायची होती, बस्स! एवढ्याशा कामात भल्याभल्या राजांना घाम फुटला, ही गोष्ट लहानपणी ऐकताना नवलाची वाटते. पण शिंगाची जुनी कमान हाताळणाऱ्याला तिचं नवल वाटणार नाही. अशा कमानीची दोरी उतरवली, की तिचे बाहू उलट्या दिशेला वळतात. काही कमानींची दोन टोकं तर एकमेकांना भिडायला येतात. तिला पुन्हा उलटी वाकवून दोरी चढवायची, तर नुसती ताकद पुरत नाही, रीत माहीत असावी लागते.

ही कमान आपल्याला परकी नाही. विष्णूच्या धनुष्याचं नाव शार्ङ्ग. शृंग म्हणजे शिंग आणि शार्ङ्ग म्हणजे शिंगाचं. शारंगधर आणि शारंगपाणी ही नावं त्यावरूनच आली. कौटिल्याच्या अर्थशास्त्रातही ताड, बांबू आणि लाकूड यांच्या जोडीला शिंगाच्या धनुष्याचा उल्लेख आहे. आज व्हाइटफील्डच्या आयटी पार्कमुळे जगाला ठाऊक झालेलं बंगळूर १६३८ मध्ये विजापूरकरांनी जिंकलं आणि शहाजीराजांच्या जहागिरीत आलं. त्या काळच्या दख्खनी घोडदळात तलवार-भाल्यासोबत तिरंदाजीलाही मान होता. घोड्यावर बसून लांबलचक धनुष्य फिरवता येत नाही. आखूड, तरीही जबर ताकदीची कमान हवी, तर ती शिंगाचीच.

दोन्हीकडून कसलेली

या कमानीच्या मधोमध लाकडाचा किंवा बांबूचा गाभा असतो. तिरंदाजाकडच्या बाजूला म्हशीच्या शिंगाची पट्टी आणि पलीकडच्या बाजूला जनावराच्या कंडरांचे तंतू सरसात भिजवून बसवलेले असतात. कमान ओढली, की आतली बाजू दाबली जाते आणि बाहेरची ताणली जाते. शिंग दाब सोसतं, कंडरा ताण सोसते. नुसत्या लाकडाचं आखूड धनुष्य इतकं वाकवलं तर कडकन मोडेल. इथे मात्र तेवढ्याच वजनात कितीतरी जास्त शक्ती साठते. सरस वाळायला वेळ लागतो, त्यामुळे एक कमान पुरी व्हायला महिनोन् महिने जात.

अडकित्त्याची युक्ती

खरी गंमत आहे ती टोकांची. मुठीपासून निघालेले बाहू रुंद आणि लवचिक असतात. तिथेच शक्ती साठते. टोकं मात्र ताठ असतात, जराही वाकत नाहीत. अरबी नावाने त्यांना ‘सियाह’ म्हणतात. त्यांचं काम तरफेचं! लांब दांड्याच्या अडकित्त्याने कडक सुपारीही सहज फुटते ना, तसंच. सुरुवातीला ही टोकं पुढे वळलेली असतात, त्यामुळे दोरी ओढायला जड जाते. ओढ वाढते तशी ती मागे कलतात, तरफेचा दांडा जणू लांबत जातो आणि शेवटची ओढ तितकी अवघड राहत नाही. साध्या धनुष्याचं उलटं असतं. त्याची सुरुवात हलकी आणि शेवट जीवघेणा. म्हणजे शेवटी हातावर येणारं वजन सारखंच असलं, तरी शिंगाच्या कमानीत शक्ती अधिक साठते.

मग टोकं हवी तेवढी लांब का करू नयेत? कारण बाण सुटताना बाहूंइतकीच टोकांनाही धाव घ्यावी लागते. काठीच्या टोकाला दगड बांधून फिरवून पाहा. मुठीजवळचं वजन जाणवत नाही, टोकाचं लगेच जाणवतं. जड टोकं साठलेली शक्ती स्वतःच खाऊन टाकतात आणि हलका बाण हळू सुटतो.

म्हणूनच प्रत्येक मुलखाने आपापली निवड केली. तुर्कांना लांब पल्ला हवा होता. त्यांच्या कमानी आखूड, टोकं हलकी आणि बाणही हलके. अठराव्या शतकाच्या अखेरीस तुर्की वकिलातीच्या एका अधिकाऱ्याने लंडनमध्ये ४०० मीटरच्या पलीकडे बाण टाकला, तेव्हा इंग्रज तिरंदाज थक्क झाले. मांचू लोकांना जड, खोल घुसणारा बाण हवा होता; त्यांच्या कमानी मोठ्या आणि टोकं लांबलचक. मोगली कमानीचे बाहू रुंद आणि टोकं खेकड्याच्या नांग्यांसारखी आत वळलेली!

टोकाला इतकं महत्त्व असल्यामुळे तिथली चूकही महागात पडते. टोक जरासं बाजूला पिळलं, तर दोरी निसटून कमान एका झटक्यात उलटी होते. बाण न लावता ओढलेली दोरी सोडली, तर बाणाला मिळायची सारी शक्ती कमानीवरच आदळते आणि ती फुटू शकते.

पावसाने घात केला

या कमानीचा वैरी म्हणजे दमट हवा. सरस ओल धरतो आणि सांधे सैल होतात. यावर उपाय म्हणून हिंदुस्थानात पोलादी कमानी निघाल्या. त्या पावसाला दाद देत नसत, पण त्यांचे बाहू जड, त्यामुळे वेग कमी. पुढे बंदुका आल्या आणि कमान मागे पडली. कच्छमधल्या कमांगर समाजाचं मूळ काम कमानी बनवण्याचं. तो पुढे भिंतींवरच्या चित्रकलेकडे वळला.

युक्ती मात्र टिकली. १९६९ मध्ये अमेरिकेत पेटंट मिळालेल्या ‘कंपाउंड’ धनुष्याच्या टोकांना चाकं असतात आणि शेवटची ओढ ती हलकी करतात. तेच धनुष्य घेऊन ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला साताऱ्याची १७ वर्षांची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे एकाच दिवशी जगज्जेते झाले!

आता एखाद्या संग्रहालयात जुनी कमान दिसली, तर तिचा बाक नीट न्याहाळा. दोरी उतरलेली कमान जिकडे वळलेली दिसते, तिच्या उलट दिशेला ती वाकवायची असते. हे ठाऊक नसल्यामुळे काही ठिकाणी जुन्या कमानींना उलट्या बाजूने दोरी लावून ठेवलेली आढळली आहे. शेकडो वर्षं जपलेली वस्तू अशा एका चुकीने कायमची तडकू शकते. कमान घडवणारे हात आता विरळाच, तेव्हा उरलेल्या कमानी जपायच्या तर आधी त्यांचं वळण ओळखायला हवं.