लाईट गेली की कॅमेऱ्याला काय दिसतं?

मागच्या उन्हाळ्यात वळीव झाला, त्या रात्री आमच्या गटाच्या कांडप शेडमधून मिरचीची तीन पोती गेली. शेडवर कॅमेरा होता. सकाळी आम्ही सगळ्याजणी एका मोबाईलभोवती डोकी घालून बसलो. रात्री १ वाजून २० मिनिटांपर्यंत दारात झोपलेलं कुत्रं दिसतं. त्यानंतर एकदम ३ वाजून ५ मिनिटं, आणि दार सताड उघडं. मधले पावणेदोन तास कॅमेऱ्यात नाहीतच, कारण तेवढा वेळ लाईट नव्हती.

त्याच महिन्यात आमच्यातल्या एका आक्कांनी वस्तीवर शेळ्यांच्या गोठ्याला बॅटरीचा कॅमेरा लावला. गटाच्या कर्जातून घेतलेल्या सात शेळ्या आहेत त्यांच्या, जिवाला घोर असणारच. एकदा चार्ज केला की सहा महिने बघायचं नाही, असं दुकानदार म्हणाला होता. एकोणिसाव्या दिवशी कॅमेरा बंद पडलेला आढळला. कधीपासून बंद होता ते आक्कांनाही सांगता येईना.

वायरीचा कॅमेरा फसला आणि बॅटरीचाही फसला. म्हणून आज या दोघांचं पोट कसं भरतं, ते आधी बघू.

घरावर लावतात तो साधा वायफायचा कॅमेरा साधारण ५ वॉट वीज खातो. रात्रंदिवस चालू ठेवला तरी महिन्याला चारएक युनिट होतात, म्हणजे बिलाची फार भीती नको. तो सतत जागा असतो, आत मेमरी कार्ड असेल तर सगळं नोंदवत राहतो, जुनं पुसून नवं लिहितो. त्याची खोड एकच, ती म्हणजे लाईट गेली की तो गेला. आणि तो एकटा जात नाही. घरातला राउटरही लाईटवरच चालतो, त्यामुळे मोबाईलवर धोक्याची सूचना येण्याचा रस्ताही बंद होतो.

बॅटरीच्या कॅमेऱ्याच्या डब्यावर १०००० एमएएच असं काहीतरी लिहिलेलं असतं. आपल्या मोबाईलच्या बॅटरीच्या दुप्पट धरा. ऐकायला मोठं वाटतं, पण त्यात साठते जेमतेम ३७ वॉट-तास वीज. ५ वॉटचा कॅमेरा त्यावर सतत चालवला तर सात तासांत खेळ खलास. मग सहा महिने कसे चालणार? ते झोपून चालतात. बॅटरीचा कॅमेरा बहुतेक वेळ डोळे मिटून असतो. त्याच्या कपाळावर एक लहानसा पांढरा डोळा असतो, त्याला अंगाची ऊब हलताना जाणवते. माणूस किंवा जनावर समोरून गेलं की तो कॅमेऱ्याला उठवतो, दहा-वीस सेकंदांचं चित्रण होतं आणि कॅमेरा पुन्हा झोपतो. उठायला थोडा वेळ लागतो. कोणी भरभर चालत गेलं तर कधी नुसती पाठ सापडते. सहा महिन्यांचा हिशेब दिवसातून थोड्याच वेळा उठायचं असं धरून केलेला असतो.

आता आक्कांच्या कॅमेऱ्याचं तोंड कुठं होतं? थेट शेळ्यांकडे! शेळी दिवसभर कधी एका जागी बसते का? त्यात मागं बाभळीची फांदी, उन्हानं तापलेली, वाऱ्यानं हलणारी. कॅमेऱ्याला बिचाऱ्याला डोळा लागू दिला नाही. आम्ही त्याचं तोंड फिरवून गोठ्याच्या आत येणाऱ्या पायवाटेकडे केलं, आणि मोबाईलमध्ये त्याची वेळ संध्याकाळी ७ ते सकाळी ६ अशी लावून दिली. तीच बॅटरी आता कितीतरी जास्त टिकते. जनावर बघायला कॅमेरा नको, जनावरापर्यंत येणारी वाट बघायला हवा, हे आम्हाला दुकानात कुणी सांगितलं नव्हतं.

उन्हाचं आणखी एक आहे. तो ऊब ओळखणारा डोळा भर मे महिन्याच्या दुपारी मंदावतो. बाहेरची हवाच माणसाच्या अंगाएवढी तापलेली असली की माणूस त्याला वेगळा कळत नाही. शिवाय लिथियमच्या बॅटरीला उष्णता सोसत नाही. तापलेल्या पत्र्याला चिकटवलेला कॅमेरा लवकर म्हातारा होतो. कॅमेरा वळचणीच्या सावलीत लावायचा आणि सोलर पाटी त्यापासून वेगळी, वायर ओढून, उन्हात लावायची. पाटीचं तोंड दक्षिणेकडे आणि थोडं कललेलं हवं. आठवड्याला ओल्या फडक्यानं पुसायची. आपल्याकडे धूळ किती बसते ते काय सांगायचं! पावसाळ्यात आठ-दहा दिवस सूर्य दिसला नाही तर सोलरवर विसंबायचं नाही, मोबाईलमध्ये बॅटरीचा टक्का बघायचा आणि कमी झाली की काढून घरी चार्ज करायची. कोणत्या वारी कोण बघणार हे ठरवून ठेवलेलं बरं, नाहीतर सासूला वाटतं सुनेनं बघितलं आणि सुनेला वाटतं सासूनं.

मग विहिरीवर काय लावावं? मोटारीची केबल कापून नेणारे कमी नाहीत. पण शेतीच्या फीडरवर थ्री-फेज वीज ठरावीक तासच येते, वायफायही तिथं पोचत नाही. तिथं वायरीच्या कॅमेऱ्याचा विचारच सोडा. सोलर पाटीचा, सिमकार्ड घालायचा कॅमेरा हाच उपाय. मात्र घेण्याआधी विहिरीवर उभं राहून आपल्या मोबाईलला रेंज किती येते ते बघा. आणि गंमत म्हणून दिवसभर मोबाईलवर शेत बघत बसू नका. साधं चित्रसुद्धा तासाला साडेचारशे एमबीच्या आसपास डेटा खातं, आणि बघत असाल तेवढा वेळ कॅमेरा जागा राहतो तो वेगळाच.

घराला आणि शेडला मात्र आमचं मत वायरीच्या बाजूनं आहे, एका अटीवर. लाईट जाईल तेव्हासाठी त्याच्या शिदोरीची सोय पाहिजे. घरात इन्व्हर्टर असेल तर कॅमेरा आणि राउटर दोन्हींचे प्लग इन्व्हर्टरच्या लाईनवर घ्या. नसेल तर राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो, तळहातापेक्षा थोडा मोठा. आमच्या शेडमधल्यानं राउटर अडीच तास चालतो, आम्ही मेन बंद करून घड्याळ लावून बघितलंय. घेताना व्होल्ट जुळवून घ्या. राउटरला बहुधा १२ व्होल्ट लागतात, कॅमेऱ्याला कधी ५, कधी १२. अडॅप्टरवर लिहिलेलं असतं. ५ च्या कॅमेऱ्याला १२ ची पिन लावली तर कॅमेरा जळेल. दोन्ही पिना असलेला यूपीएस मिळतो, तो घेतला की एकाच डबीवर दोन्ही चालतात, फक्त वेळ कमी मिळतो. आणि मेमरी कार्ड घालाच. इंटरनेट गेलं तरी कार्डावर नोंद होत राहते.

वायर ओढतानाही फसायला होतं. शेडच्या मागच्या कोपऱ्यातला आमचा कॅमेरा दिवसा छान चालायचा आणि अंधार पडला की बंद-चालू, बंद-चालू. बसवणाऱ्यानं दोनदा कॅमेरा बदलला, दोनदा येण्याचे पैसे घेतले. शेवटी गटातल्या एकीच्या भाच्यानं, तो वायरमनचं शिकतोय, कारण शोधलं. अडॅप्टर होता ऑफिसात आणि तिथून बारीक वायर साठ मीटर गेलेली. १२ व्होल्ट एवढ्या लांब बारीक वायरीतून जाताना वाटेत गळतात. दिवसा भागायचं, पण रात्री कॅमेऱ्याचे अंधारातले दिवे लागले की त्याला जास्त वीज लागते आणि तो बसकण मारतो. नळाला शेवटच्या घरी पाणी पोचत नाही, तशातलंच. अडॅप्टर कॅमेऱ्याजवळ पाणी न शिरणाऱ्या पेटीत हलवला आणि त्रास थांबला. कॅमेरा होता तो चांगलाच होता.

बाकी वायर पाईपातून न्या, उंदीर सोडत नाहीत. पेटीत शिरण्याआधी वायरीला खाली झोल द्या, म्हणजे पावसाचं पाणी तिथंच ठिबकून पडतं. अर्थिंग नीट आहे ना ते बघा आणि विजा कडकडायला लागल्या तर प्लग काढा. तेवढा वेळ नोंद होणार नाही, पण राउटर आणि कॅमेरा दोन्ही जळण्यापेक्षा ते परवडलं. कॅमेरा दहा फुटांच्या वर हवा. बॅटरीचा तर हात पोचला की चोर तोच काढून नेतो, आतल्या कार्डासकट.

बसवून झाल्यावर पैसे देण्याआधी एक करा. बसवणाऱ्या माणसाला थांबवून घ्या आणि घरचा मेन स्विच बंद करा. मग एकीनं मोबाईलचं वायफाय बंद करून, मोबाईलच्याच नेटवर अंगणातून कॅमेरा उघडून बघावा. चित्र दिसलं तर काम झालं. बॅटरीचा असेल तर रात्री अंधारात कोणालातरी वाटेनं चालत यायला सांगा आणि कार्डात चेहरा येतो की नुसती पाठ, ते बघा. पाठ आली तर कॅमेरा वाटेच्या समोर न ठेवता थोडा बाजूला करा. ऊब ओळखणारा डोळा समोरून सरळ येणाऱ्यापेक्षा आडव्या जाणाऱ्याला लवकर पकडतो.

कंपनीनं दिलेला पासवर्ड त्याच दिवशी बदला. बसवणाऱ्याच्या मोबाईलमध्ये तुमचा कॅमेरा राहिला नाही ना, तेही तपासा, आपल्या अंगणात कोण कधी येतं-जातं हे त्याला कशाला कळायला हवं? सूचना घरातल्या एकट्या पुरुषाच्या फोनवर न ठेवता घरात राहणाऱ्या बाईच्या फोनवरही घ्या. रात्री कोणी दिसलं तर एकटीनं बाहेर जायचं नाही, आतून शेजाऱ्यांना हाक मारायची आणि ११२ लावायचा.

आमच्या शेडचा पुढचा कॅमेरा पहिल्यांदा लावला तेव्हा शेजारच्या काकूंच्या न्हाणीचं दार त्यात येत होतं. काकू काही बोलल्या नाहीत, पण त्या बाजूनं जायच्या बंद झाल्या. आम्ही त्यांना बोलावून मोबाईलवर चित्र दाखवलं, आणि त्या बघत असतानाच कॅमेरा बोटभर डावीकडे वळवला.