वाटणी : बांध घालण्यापूर्वीचा हिशोब

कृष्णा-वारणाकाठच्या गावांत वाटणीचा विषय निघाला की पहिला आग्रह असतो तो प्रत्येक रानात प्रत्येकाला हिस्सा हवा हा. मळीतले थोडे, माळाचे थोडे, विहिरीलगतचे थोडे. जमिनीची प्रत सारखी नसल्याने हा आग्रह समजण्यासारखा आहे. परंतु पिकाच्या दृष्टीने त्याची काय किंमत पडते, हे वाटणीच्या बैठकीत सहसा कोणी मांडत नाही.

समजा, ६६० फूट लांब व ६६ फूट रुंद असे एक एकर बागायत रान आहे. ते वडिलांनी स्वतः घेतलेले असून त्यांच्या पश्चात पत्नी, दोन मुलगे व एक मुलगी असे चार वारस आहेत. प्रत्येकी १० गुंठे येतात. रस्ता एकाच टोकाला असल्याने शेत लांबीने चिरले तर साडेसोळा फुटांच्या चार पट्ट्या पडतात. तीन फूट रुंदीचे तीन बांध धरले तर ५,९४० चौरस फूट, म्हणजे जवळजवळ साडेपाच गुंठे जमीन बांधाखाली जाते. राहिलेल्या सव्वाचौदा फुटांत साडेचार फुटी सरीने उसाच्या तीनच ओळी बसतात. शेजारच्या पट्टीत सोयाबीन असेल तर त्यावर उसाची सावली पडते आणि उसात फवारलेले २,४-डी वाऱ्याने तिकडे गेले तर सोयाबीनची पाने आकसतात. मग भांडण तणनाशकावरून होते. मूळ मात्र वाटणीच्या आखणीत असते.

हेच शेत आडवे तोडले तर तीन बांधांना मिळून जेमतेम अर्धा गुंठा जातो. मागील तीन वाटेकऱ्यांसाठी आठ फुटी गाडीवाट सोडल्यास तिला आणखी साडेतीन गुंठ्यांहून थोडी अधिक जागा लागते. तरीही एकूण नुकसान कमी होते, रान चौकोनी राहते आणि पाणी बसवणे सोपे जाते. मात्र ही वाट सर्वांच्या वहिवाटीची आहे, असे वाटणीपत्रात नकाशासह लिहून घ्यावे. तोंडी वाट एका पिढीपुरतीच टिकते.

१९४७ च्या तुकडेबंदी कायद्याची मर्यादाही ध्यानात ठेवावी. ऑगस्ट २०२३ च्या अधिसूचनेने राज्यातील बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीसाठी २० व बागायतीसाठी १० गुंठे केले. वरील उदाहरणात पाचवा वारस असता तर वाट्याला ८ गुंठे, म्हणजे तुकडा आला असता. अशा वेळी एकाने जमीन घ्यावी व दुसऱ्याला रकमेने मोबदला द्यावा, हाच व्यवहार्य मार्ग राहतो.

वाटण्या काही आजच्या नाहीत. मिरजेच्या पटवर्धनांत चुलत्या-पुतण्याचे बिनसले आणि १८०१ मध्ये चिंतामणराव वेगळे होऊन सांगली संस्थान उभे राहिले. उरलेल्या मिरजेचे १८२० मध्ये पुन्हा चार भाग झाले. त्यांना महसूल वाटायचा होता. आपल्याला पाण्याची पाळी वाटायची आहे, आणि ते काम अधिक अवघड आहे.

मुलींच्या हक्काबाबत अजूनही गैरसमज आढळतात. वडिलोपार्जित मिळकतीत महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून, त्या दिवसापूर्वी लग्न न झालेल्या मुलींना मुलाप्रमाणे हक्क दिला. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने विवाहित मुलींचाही समावेश झाला. त्या दिवशी वडील हयात असणे आवश्यक नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० रोजी विनीता शर्मा खटल्यात स्पष्ट केले. तेराव्याच्या गडबडीत बहिणीची सही घेण्याची रीत म्हणूनच धोक्याची आहे. हक्कसोडपत्र नोंदणीकृतच असावे लागते आणि ते बहिणीने समजून, स्वखुशीने दिलेले असावे. बहिणीला न विचारता केलेली वाटणी पुढे कोर्टात गेली की ऊस कारखान्याला घालण्यापेक्षा तारखांना जाणे अधिक होते.

आपल्याकडे एक भाऊ गावी, दुसरा मुंबईत, तर खानापूर-आटपाडीकडे गलाईच्या धंद्यानिमित्त तिसरा परराज्यात, अशी घरे पुष्कळ आहेत. अशा घरांच्या सातबाऱ्यावर ए.कु.मॅ. म्हणून एकट्या थोरल्याचे नाव वर्षानुवर्षे राहते. एकत्र कुटुंबाचा व्यवस्थापक एवढाच त्याचा अर्थ. तो एकट्याचा मालकी हक्क नव्हे. खातेदार वारल्यास तीन महिन्यांत तलाठ्याकडे वारस नोंदीची वर्दी द्यावी. सर्व सहहिस्सेदार सहमत असल्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे वाटपाचा अर्ज करता येतो. शेतजमिनीच्या वाटणीपत्रावरील नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय शासनाने मे २०२५ मध्ये घेतला आहे.

हयातीतच व्यवस्था लावायची असेल तर मृत्युपत्र करावे. त्यास मुद्रांक लागत नाही व नोंदणीही सक्तीची नाही. दोन साक्षीदार मात्र हवेत, आणि ज्यांना मिळकत मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नये. वडिलोपार्जित मिळकतीत आपल्या हिश्श्यापुरतेच मृत्युपत्र चालते.

वाटणीपत्रात गट नंबर व क्षेत्र लिहून लोक थांबतात. विहिरीतील हिस्सा, पाळीचे दिवस व तास, मोटारीची दुरुस्ती कोणी करायची, पाइपलाइन कोणाच्या बांधातून जाणार, हेही त्यात यावे. वीज जोडणी आजोबांच्या नावावर असेल तर ती बदलून घ्यावी. कारखान्याचा शेअर व सोसायटीचे सभासदत्व यांवर नामनिर्देशन असले तरी नामनिर्देशित व्यक्ती म्हणजे एकमेव वारस नव्हे. म्हणून हा शेअर कोणाकडे राहणार, तेही त्याच कागदावर लिहावे.