सुजेआड लपलेली उपासमार

गुटगुटीत दिसणारे प्रत्येक मूल सुदृढ असतेच असे नाही. गाल फुगलेले, पाय भरलेले. मात्र मूल सतत किरकिरे, अन्नाकडे पाठ फिरविणारे आणि पायांवरील त्वचा जुन्या भिंतीच्या रंगाप्रमाणे पोपडे धरून सुटू लागलेली. ही कुपोषणाची अतिशय गंभीर अवस्था असू शकते. वैद्यकशास्त्रात तिला 'क्वाशिओरकोर' म्हणतात, तर मराठीत सुजवटी.

डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३३ मध्ये गोल्ड कोस्ट (आजचा घाना) येथील बालकांमधील या आजाराचे वर्णन केले. १९३५ मध्ये त्यांनी तेथील गा भाषेतील हे नाव वैद्यकविश्वासमोर मांडले. पाठचे भावंड जन्मल्यावर अंगावरचे दूध तुटलेल्या मुलाला जडणारा आजार, असा त्याचा आशय आहे.

या आजारात शरीरातील पाणी त्वचेखाली साचते. ताणलेली त्वचा पोषणाअभावी आधीच दुबळी असते. तिच्यावर प्रथम काळपट चट्टे उमटतात, मग पापुद्रे निघतात आणि खाली भाजल्यासारखा ओला भाग उघडा पडतो. त्यातून पाणी झिरपते, अंगातील ऊब जाते आणि जंतूंना वाट मिळते. सूज केवळ प्रथिनांच्या कमतरतेने येते, हे जुने स्पष्टीकरण आता अपुरे मानले जाते.

खरा घोटाळा वजनकाट्यावर होतो. साचलेले पाणीही वजनात धरले जाते! मेळघाटातील बालमृत्यू १९९३ मध्ये गाजले. त्यानंतर आपल्याकडील चर्चा दीर्घकाळ वजनाच्या श्रेणींभोवतीच फिरली. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार मात्र दोन्ही पावलांवर कुपोषणाची सूज असल्यास, वजन कितीही असो, मूल तीव्र कुपोषित ठरते. तपासणी सोपी आहे. दोन्ही पावलांच्या वरच्या बाजूस अंगठ्याने तीन सेकंद दाबावे. खड्डा राहिला, तर बालकास विनाविलंब रुग्णालयात न्यावे.

सूज उतरविण्यासाठी लघवी वाढविणारे औषध देणे येथे घातक ठरते. घाईने भरपूर खाऊ घालणेही तितकेच धोक्याचे. सुरुवातीला १०० मिलिलिटरमध्ये ७५ कॅलरी असलेले विशेष दूध थोडे थोडे, रात्रीही दिले जाते. सोबत प्रतिजैविके आणि उबेची काळजी.

पालकांना एक गोष्ट आधीच सांगावी लागते. उपचार लागू पडल्यावर पहिल्या काही दिवसांत सूज ओसरते आणि मुलाचे वजन चक्क घटते.