कॅप का निघते? दात आणि सिरॅमिक यांचा संयोग

मंडळी, मागच्या खेपेला मुरबाडला व्याख्यान संपल्यावर एका बाईंनी विचारलं होतं, "सर, माझ्या दाढेची कॅप दोनदा निघाली. दाढच बुटकी आहे म्हणतात. मग दोष दाढेचा की चिकटवण्याचा?" कॅपसाठी कल्याणच्या दोन खेपा, म्हणजे दोन दिवसांची मजुरी गेली. तत्त्वज्ञानाच्या माणसाला दातांतलं काय कळणार, म्हणून आम्ही तेव्हा गप्प बसलो. मग वाचलं, दोन दंतवैद्यांना विचारलं. आज शहापुरात त्याचं उत्तर देऊ.

आपल्या वैशेषिकांनी दोन संबंध वेगळे केले आहेत. धागे आणि कापड यांचा समवाय. तो सोडवता येत नाही. टेबल आणि पुस्तक यांचा संयोग. तो मोडू शकतो. चिकटवलेली कॅप हा संयोगच. तो टिकवायचा तर दोन्ही पृष्ठभाग तयार करावे लागतात. जुन्या गुळगुळीत भिंतीवर गिलावा करण्याआधी गवंडी टाचे मारतो, तेच इथे.

दाताला टाचे मारण्याची युक्ती 1955 साली अमेरिकेत मायकेल बुओनोकोर यांनी मांडली. धातूवर रंग नीट धरावा म्हणून कारखान्यांत फॉस्फोरिक आम्ल वापरत. त्यांनी ते दाताच्या एनॅमलवर 30 सेकंद लावून पाहिलं. एनॅमलला सूक्ष्म खळगे पडतात, त्यांत पातळ रेझिन शिरतं आणि तिथेच घट्ट होतं. एनॅमल जवळजवळ सगळं खनिज, म्हणून हे सोपं. त्याच्या आतलं डेंटिन मात्र ओलसर, तंतुमय. आम्लानंतर ते फार सुकवलं तर तंतू आडवे पडतात आणि रेझिन आत जात नाही. पाणी राहिलं तरी बिघडतं. म्हणूनच दात घासताना एनॅमल जितकं राखलं तितकं बरं.

आता दुसरी बाजू, सिरॅमिकची. लिथियम डायसिलिकेटसारख्या काचयुक्त सिरॅमिकला हायड्रोफ्लोरिक आम्लाने टाचे पडतात. हे आम्ल भयंकर, त्यामुळे हे काम तोंडाबाहेर करायचं. मग सिलेन लावतात. त्याचा एक हात काच धरतो, दुसरा रेझिन. झिर्कोनियात मात्र काच नाही, तिथे हे आम्ल चालत नाही! त्याला ॲल्युमिनाच्या बारीक कणांचा मारा करून फॉस्फेटचा प्रायमर लावावा लागतो. आणि कॅप बसते का हे तोंडात घालून पाहिलं की थुंकी लागते. थुंकीतलं फॉस्फेट झिर्कोनियावरची जागा आधीच अडवून बसतं. ती पुन्हा साफ न करता चिकटवली, तर सगळी मेहनत वाया. आम्हाला वाटतं, घाईत नेमकं हेच राहून जात असावं.

म्हणजे बाईंच्या प्रश्नाचं उत्तर असं. उंच दाढेवर झिर्कोनियाची कॅप आकारानेच धरून राहते, साधं सिमेंटही चालतं. बुटक्या दाढेवर आकाराची मदत कमी, म्हणून चिकटवणं अचूक हवं. दाढ बुटकी आहे हे खरं. पण ते कॅप करण्याआधीही दिसत होतंच. तेव्हा विचारावं, कॅप कशाची आहे आणि या वेळी आतून काय करणार?

आणि निघालेली कॅप टाकू नका. डबीत घालून घेऊन जा. घरी फेविक्विक मुळीच नको. कॅप तिरकी बसते, आणि तो थर खरवडण्यात डॉक्टरांचा वेळ नि तुमची उरलीसुरली दाढ जाते.