वृद्धाश्रमाची वेळ का येते?

शिरूर अनंतपाळसारख्या तालुक्यातली मुलं कामासाठी लातूर, पुणे, मुंबई गाठतात. आई-वडील शेताच्या ओढीने गावातच राहतात. तरी नुसत्या एकटेपणामुळे माणूस सहसा घर सोडत नाही. मोडतो तो जोडीदार गेल्यावर, खुब्याचं हाड मोडल्यावर किंवा स्मृतिभ्रंश वाढल्यावर. रात्री-अपरात्री उठवून लघवीला न्यावं लागतं, कपडे ओले होतात, दार उघडून म्हातारं माणूस बाहेर पडतं. हे सारं बहुधा एकट्या सुनेच्या किंवा लेकीच्या अंगावर पडतं. तिची झोप आणि पाठ गेली की घर हरतं. तिला दोष देणं अन्यायाचं आहे.

काही वेळा कारण वेगळं असतं: सातबारा मुलाच्या नावे झाला आणि ताटातली भाकरी आटली. अशांसाठी 2007 चा ज्येष्ठ नागरिक निर्वाह कायदा आहे. सांभाळण्याच्या अटीवर दिलेली जमीन, अट मोडल्यास, न्यायाधिकरण परत मिळवून देऊ शकतं. अर्ज उपविभागीय अधिकाऱ्यांकडे करावा. राज्यात 1995 पासून मातोश्री वृद्धाश्रम योजनाही आहे.

जमीन नावावर करून देण्याआधी सांभाळाची अट बक्षीसपत्रात लिहून घ्या. ज्येष्ठांसाठी मोफत मदतवाहिनी: 14567.