ड्रोनच्या टेलिमेट्रीसाठी फ्रिक्वेन्सी कशी निवडावी?

मागच्या रांगेपर्यंत आवाज येतोय ना? बरं.

ड्रोन हवेत असताना बॅटरी किती उरली, उंची किती, जीपीएस काय सांगतोय, ही माहिती तो खाली लॅपटॉपवर पाठवत असतो आणि आपण खालून त्याला सूचना देत असतो. या देवाणघेवाणीला आपण टेलिमेट्री म्हणतो. मला नेहमी विचारलं जातं, "सर, कायदेशीर आणि अडथळा नसलेली फ्रिक्वेन्सी कुठली?" बघा, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. पहिल्याचं उत्तर राजपत्रात मिळतं. दुसऱ्याचं उत्तर उड्डाणाच्या जागी जाऊन मोजावं लागतं.

आधी कायदा. टेलिमेट्री रेडिओची जोडी विकत घ्यायला गेलात की बहुधा दोन प्रकार समोर येतात: ४३३ आणि ९१५ मेगाहर्ट्झ. यातला ९१५ चा रेडिओ अमेरिकेसाठी बनलेला आहे. तिथे ९०२ ते ९२८ हा पट्टा खुला आहे. आपल्याकडे ८९० ते ९१५ या पट्ट्यात मोबाइल फोन टॉवरशी बोलतात. खिशातल्या फोनचा सिग्नल टॉवरपर्यंत पोचतो तेव्हा अगदी क्षीण झालेला असतो आणि टॉवर तो कान देऊन ऐकत असतो. अशा वेळी शंभर मीटर उंचीवरून, मध्ये झाड नाही की इमारत नाही, तुमचा रेडिओ १०० मिलिवॉटने बोलायला लागला तर काय होईल? गावात कुणाचा तरी फोन लागणार नाही आणि का लागत नाही हे त्याला कळणारही नाही. तो फोन रुग्णवाहिकेसाठी असू शकतो. म्हणून ९१५ नको.

४३३ चं काय? ४३३ ते ४३४ हा छोटा पट्टा आपल्याकडे इमारतीच्या आतल्या वापरासाठी खुला आहे, तोही १० मिलिवॉटपर्यंत. ड्रोन काही दिवाणखान्यात उडवायचा नाही.

मग उरतं ते ८६५ ते ८६८. आधी हा पट्टा ८६७ पर्यंत होता, २०२१ मध्ये तो ८६८ पर्यंत वाढवला. ट्रान्समीटरची शक्ती १ वॉटपर्यंत, अँटेनातून बाहेर पडणारी प्रभावी शक्ती ४ वॉटपर्यंत, आणि वाहक लहरीची रुंदी २०० किलोहर्ट्झच्या आत. युरोपसाठी बनलेला '८६८' चा रेडिओ घेतलात तर सेटिंगमध्ये किमान आणि कमाल फ्रिक्वेन्सी याच हद्दीत आहे का ते बघा. आणि परवाना लागत नाही म्हणजे काहीच लागत नाही असं नाही. उपकरणाला दूरसंचार विभागाच्या डब्ल्यूपीसी शाखेची ईटीए मान्यता हवी. विक्रेत्याकडे तिची प्रत मागा.

२.४ गिगाहर्ट्झही खुला आहे. पण तिथे वायफाय आणि ब्लूटूथची गर्दी असते, बऱ्याचदा तुमचा रिमोटही तिथेच असतो. शिवाय तितक्याच शक्तीत आणि तशाच अँटेनांवर ८६६ चा सिग्नल जवळजवळ पावणेतीन पट लांब जातो.

आता दुसरा प्रश्न, अडथळ्याचा. खुला पट्टा म्हणजे सार्वजनिक रस्ता. तिथे आरएफआयडी आहे, लोरावरचे मीटर आणि सेन्सर आहेत. त्यांच्यामुळे त्रास झाला तर तक्रार करता येत नाही. शिवाय ८६९ पासून मोबाइल टॉवरचं प्रक्षेपण सुरू होतं, म्हणजे शेजारीही मोठ्या आवाजाचा. टॉवर जवळ असेल तर ८६८ च्या टोकापासून थोडं खाली राहा.

जागेवर गेलात की रेडिओ चालू करा आणि दोन आकडे बघा: सिग्नल आणि नॉइज. समजा, ड्रोन ५०० मीटरवर आहे आणि दोन्हींत २६ डेसिबलचा फरक आहे. १० डेसिबल राखीव ठेवा, उरले १६. मोकळ्या हवेत अंतर दुप्पट झालं की ६ डेसिबल जातात. म्हणजे दोनदा दुप्पट, २ किलोमीटरपर्यंत दुवा टिकायला हवा. वरचे आणि खालचे, दोन्हीकडचे आकडे बघायचे. खाली शांतता असते, पण वर गेलेल्या ड्रोनला चार गावांचे टॉवर दिसत असतात.

(श्रोत्यांतून: सर, माझ्याकडे ९१५ ची जोडी आहे. नुसती सेटिंग बदलून चालेल का?)

नाही. त्यातले फिल्टर आणि अँटेना ९१५ साठी जुळवलेले असतात. आकडा बदलला तरी पल्ला घटू शकतो आणि मान्यतेचा प्रश्न सुटत नाहीच. योग्य पट्ट्याचीच जोडी घ्या.

शेवटचं एक. इतकं करूनही दुवा कधीतरी तुटणारच. तुटल्यावर ड्रोनने काय करायचं, परत यायचं की जागीच उतरायचं, हे उडवण्याआधी ठरवून फेलसेफमध्ये भरा. आणि मोकळ्या मैदानात, कमी उंचीवर, खालचा रेडिओ मुद्दाम बंद करून एकदा तपासून बघा.