ट्रॉलीचा भार नेमका कुठे पडतो?

वाहनांच्या चाकांवर वजन कसं वाटलं जातं, हा माझ्या पीएचडीचा विषय. गावी भातसानगरला गेलो की या विषयाचं कुणाला फारसं कौतुक नसतं. पण या सुट्टीत शेजारच्या काकांनी सरळ विचारलं, "अमेरिकेत म्हणे वजन वाटून देणारा हुक मिळतो. आपल्या ट्रॉलीला बसवू का? चढाला पुढची चाकं हलकी पडतात." प्रश्न खरा आहे. पुढची चाकं हलकी पडली की स्टीअरिंग फिरवूनही ट्रॅक्टर वळत नाही, आणि पुरती उचलली की ट्रॅक्टर मागे उलटून चालकावर येतो.

तो हुक आधी समजून घेऊ. पिकअपच्या मागे ट्रेलर जोडला की त्याच्या वजनाचा काही भाग हुकावर येतो. गाडीची शेपूट दबते, नाक उचललं जातं. त्या हुकाला स्प्रिंगसारख्या दोन पोलादी दांड्या असतात. त्या ताणून बसवल्या की हुकावरचं थोडं वजन गाडीच्या पुढच्या चाकांकडे आणि थोडं ट्रेलरच्या चाकांकडे जातं. पण एकूण वजन तेवढंच राहतं. गाडीची ताकदही वाढत नाही, आणि चुकीचा भरलेला माल बरोबर होत नाही.

आता आपली दोनचाकी ट्रॉली घ्या. आकडे ढोबळ आहेत, पण गणित खरं आहे. ट्रॅक्टर २००० किलोचा, त्यातले ८०० पुढच्या चाकांवर, १२०० मागच्या. विटा भरलेली ट्रॉली ४००० किलो. हुकापासून ट्रॉलीचा आस ३ मीटरवर. मालासकट ट्रॉलीचा गुरुत्वमध्य आसाच्या ३० सेंटिमीटर पुढे असेल, तर हुकावर ४००० × ०.३ ÷ ३, म्हणजे ४०० किलो येतात. हुक ट्रॅक्टरच्या मागच्या आसाच्या ६० सेंटिमीटर मागे आणि ट्रॅक्टरच्या दोन्ही आसांत २ मीटर अंतर धरलं, तर पुढच्या चाकांवरचे १२० किलो कमी होतात. उरले ६८०. मागच्या चाकांवर मात्र १७२० झाले, म्हणजे पकड वाढली. इथपर्यंत सगळं ठीक.

तोच माल मागे सरकला आणि गुरुत्वमध्य आसाच्या ३० सेंटिमीटर मागे गेला तर? आता ट्रॉली हुकाला वर उचलते. मागच्या चाकांवर १२०० चे फक्त ६८० उरतात. चिखलात चाकं जागीच फिरतील, आणि उतारावर ट्रॉली मागून ढकलत ट्रॅक्टरला आडवं करेल. म्हणून पहिला नियम: जड माल आसाच्या किंचित पुढे. "मागून उतरवायला सोपं" म्हणून मागे ढीग करू नका.

आता चढ. दहा मीटरला एक मीटर चढ असेल तर ही ट्रॉली ओढायला कच्च्या रस्त्यावर साधारण ५०० किलोची ओढ लागते. हुक जमिनीपासून अर्ध्या मीटरवर असेल तर ही ओढ पुढच्या चाकांवरचे १२५ किलो कमी करते. ट्रॅक्टरचं स्वतःचं वजन चढामुळे मागे झुकतं, त्याचे आणखी ७०. उरले ४८५. ट्रॅक्टरच्या वजनाचा किमान पाचवा हिस्सा पुढच्या चाकांवर हवा, असा एक सर्वमान्य ठोकताळा आहे. आपल्या ट्रॅक्टरसाठी तो ४०० किलो. म्हणजे आपण जेमतेम आत आहोत.

पण कुणी ट्रॉली खालच्या हुकाऐवजी वर, टॉप लिंकच्या जागी जोडली आणि ओढ एक मीटर उंचीवरून आली, तर १२५ ऐवजी २५० किलो जातात. उरतात ३६०. बाकी काहीच बदललं नाही, फक्त पिनची जागा बदलली! दुसरा नियम इथेच: ट्रॉली नेहमी खालच्या, ठरवून दिलेल्या हुकालाच.

मग काकांचा हुक? ट्रॅक्टरसाठी तेच काम पुढच्या लोखंडी वजनांनी होतं. पुढच्या आसाच्या ७० सेंटिमीटर पुढे १०० किलो लावले, तर पुढच्या चाकांवर १३५ किलो वाढतात, कारण तिथेही तरफेचाच खेळ. कंपनीच्या पुस्तकात किती वजन लावायचं ते दिलेलं असतं, त्यापेक्षा जास्त लावू नका. आणि उंच हुकाची चूक झाकायला तर अजिबात नको.

उतारासाठी दोन गोष्टी. कसारा असो वा माळशेज, घाट सुरू होण्याआधीच खालचा गिअर टाका, न्यूट्रल कधीच नको. आणि रस्त्यावर दोन्ही ब्रेकची पेडलं एकमेकांना जोडलेली हवीत. शेतात एकाच बाजूचा ब्रेक उपयोगी पडतो, भरल्या ट्रॉलीसह रस्त्यावर तोच ट्रॅक्टर फिरवून टाकतो.

हे सगळं तपासायचं कसं? सोपं आहे. वजनकाट्यावर ट्रॅक्टरची फक्त पुढची चाकं चढवा. एकदा ट्रॉलीशिवाय, एकदा भरल्या ट्रॉलीसह. दोन आकडे लिहून ठेवा. दुसरा आकडा ट्रॅक्टरच्या वजनाच्या पाचव्या हिश्शाजवळ आला, तर सपाटीवरच ही अवस्था आहे, चढावर काय होईल ते आता तुम्हाला माहीत आहे.

काकांना मी हेच सांगितलं: नवा हुक नको, आधी काट्यावर चला.